गाण्यात राजकारण फार नाही, कमी आहे

पनवेल-उरण पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की हळदीच्या रात्री एक ठरलेली वेळ येते. एकवीरा आईचं गाणं झालेलं असतं, नाखवा-पारूची दोन-चार गाणी झालेली असतात, डीजेवाला घामाघूम असतो, आणि मग दि. बा. पाटलांच्या नावाचं गाणं लागतं. ठेका तोच, नाच तोच, शब्द तेवढे वेगळे. पोरं एकमेकांना खांद्यावर घेतात. कडेच्या खुर्च्यांवरून कुणीतरी पुटपुटतं, “लग्नात राजकारण कशाला आणायचं?”

हे पुटपुटणं आता पुटपुटणं राहिलेलं नाही, त्याचा सिद्धान्त झाला आहे. व्याख्यानांच्या मध्यंतरात, नाट्यगृहाच्या आवारात, सोसायटीच्या गच्चीवर तो ऐकायला मिळतो. लोकांच्या गाण्यात एक निर्मळपणा असतो, राजकारण तो नासवतं. लोकांच्या ओठांवर बसलेली चाल उचलून तिच्यातून प्रचार करणं ही फसवणूक, कारण नाचणाऱ्याला आपण काय गिळतोय हे कळतच नाही. आणि सर्वात शेवटी, हमखास दाद मिळवणारं वाक्य: हे गाणारे काय, सुपारी मिळेल त्याचं गातात. असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत, त्यांतली काही माझ्या आदराची आहेत. पण हा सिद्धान्त चुकीचा आहे, आणि पनवेलमध्ये बसून तर तो कुणी मांडूच नये.

निर्मळपणाचंच आधी बघू. ज्या मांडवात हे गाणं वाजतं तो मांडव कशावर उभा असतो? १९७० साली नवी मुंबई वसवणारं सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासेमारी आटत गेली. जमिनीचा दर सरकारनं ठरवला. त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर-पागोटे भागात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मारले गेले. त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. आज ज्या अंगणात हळद लागते ते घर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर असतं, नाहीतर गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेलं आणि नियमित होण्याची वाट बघत असलेलं असतं. डीजेचे पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर बऱ्याचदा एखाद्या भूखंडाच्या व्यवहारापाशी जाऊन थांबतं. पूर्वी आगरी लग्नात धवलारीण असायची, तिचे धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, चालायचे, वाजायला खालू बाजा असायचा. ती रीत मागं पडून भिंतीएवढे स्पीकर आले तेही जमीन गेल्यावर आणि जमिनीचा पैसा आल्यावर. तेव्हा राजकारण मांडवात डीजेच्या भोंग्यातून शिरलेलं नाही. ते मांडवाच्या खांबाखाली आधीपासून होतं. गाण्यानं फक्त त्याचं नाव उच्चारलं.

आणि नाव उच्चारणं हे इथं किती जिकिरीचं काम आहे ते २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि वरचे ओवळे ही दहा गावं उठवून नवी मुंबईचा विमानतळ होणार होता. उलव्याची टेकडी सुरुंगानं फोडली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. या विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा प्रस्ताव सिडकोनं मंजूर केला, तेव्हा भूमिपुत्रांनी १० जूनला मानवी साखळी केली आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घालायला माणसं लोटली. करोनाचा काळ, सभांवर बंधनं. अशा वेळी गावोगाव जे पोचलं त्यात पत्रकांपेक्षा मोबाइलवरची गाणी जास्त होती. पुढं जून २०२२ मध्ये ठाकरे सरकारनं जाता जाता दिबांचं नाव मान्य केलं, शिंदे सरकारनं आल्या आल्या तोच निर्णय पुन्हा घेतला, आणि विधिमंडळाचा ठराव झाला.

गाण्यांमुळे ठराव झाला असं मी म्हणत नाही. रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे झाला. पण १९८४ साली जन्मालाही न आलेला पोरगा दिबांच्या नावासाठी बेलापूरला का आला, याचं उत्तर द्यायला नको का? शाळेत त्याला जासई कुणी शिकवलं नव्हतं. घरात आजोबा सांगायचे ते त्यानं अर्धवट कानांनी ऐकलेलं. बाकीचं त्याला नाचताना कळलं. गाण्यातून कळलेलं हे कमी प्रतीचं ज्ञान, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याला शिवचरित्रातले कोणते प्रसंग पुस्तकातून आणि कोणते पोवाड्यातून कळले, ते एकदा स्वतःशी तपासावं.

“पूर्वी असं नव्हतं” हे वाक्य या सिद्धान्ताचा कणा आहे, म्हणून पूर्वीकडे जाणं भाग आहे. गणेशोत्सवाचे मेळे निघू लागले तेव्हापासून लोकप्रिय चालींवर राजकीय पदं बांधणं हा महाराष्ट्राचा उघड धंदा होता. मेळ्याच्या पदांच्या पुस्तिका निघत आणि पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कुठल्यातरी गाजलेल्या नाट्यपदाचा उल्लेख असे. नाशिकला मित्रमेळ्यासाठी कवी गोविंद पदं लिहीत. ‘लघु अभिनव भारतमाला’ ही पदांची पुस्तिका छापली म्हणून बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली. बाँब सापडला म्हणून नव्हे, पदं छापली म्हणून. उच्च न्यायालयात बचावपक्षाचं म्हणणं असं, की या तर पुराणातल्या देवदैत्यांच्या कथा आहेत. न्यायमूर्ती चंदावरकरांनी ते मानलं नाही. पुराण हे निव्वळ पांघरूण आहे, आत राज्याविरुद्ध युद्धाची चिथावणी आहे, असा निकालाचा रोख. पुढच्याच वर्षी खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली ती याच तर्कानं: प्रेक्षकाला कीचक दाखवता आणि त्याला दिसतो कर्झन.

त्या निकालातला युक्तिवाद आणि आजच्या रसिकांचा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहा. लोकांच्या आवडीचा साचा घ्यायचा आणि आत दुसराच माल भरायचा, लोक भोळे, त्यांना कळत नाही, म्हणून हे धोक्याचं. ब्रिटिश सरकारच्या वकिलानं नेमकं हेच म्हटलं असतं. फरक इतकाच, की सरकारला मेळ्याच्या प्रेक्षकांना काय कळतं याची पुरेपूर कल्पना होती, म्हणून तर शिक्षा इतकी जबर. आजच्या रसिकाला मात्र खरंच वाटतं की हळदीत नाचणाऱ्या पोराला कळत नाही.

त्याला कळतं. कळत नसतं तर इतर गाण्यांवर कुणी कुणाला खांद्यावर का घेत नाही?

अण्णा भाऊ साठ्यांचं उदाहरण सगळे देतात आणि देताना त्यातला काटा काढून टाकतात. १९४४ मध्ये त्यांनी द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांच्यासह लालबावटा कलापथक उभं केलं. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आज सरकारी कार्यक्रमातही गायली जाते. छक्कड हा प्रकार तमाशातला, शृंगाराचा. ऐकणारा गिरणी कामगार गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं आधी व्याकूळ होतो, आणि तो पुरता हातात आल्यावर कवी त्याला बेळगाव, कारवार, निपाणीपर्यंत नेतो. ताटातूट बायकोची होती, ती मुलखाची होते. लोकप्रिय साचा घेऊन त्यात राजकारण भरण्याचं याहून पक्कं काम मराठीत नाही. आजच्या सिद्धान्तानुसार ही फसवणूक ठरते, कारण माणूस विरहाचं गाणं ऐकायला आला होता. मग जयंतीला हार कशाचे घालता?

आणखी जवळचं बोलतो. राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं महाराष्ट्रगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालं. योग्यच झालं. पण ते गीत काय आहे? ते एका राजकीय मागणीच्या, एका राज्यनिर्मितीच्या काळातलं गाणं आहे, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं म्हणून टिकलं. गायक शाहीर साबळ्यांचं ‘आंधळं दळतंय’ हे मुक्तनाट्य मुंबईतल्या मराठी माणसाच्या गाऱ्हाण्याचं होतं, आणि शिवसेना उभी राहिली त्या वातावरणाशी त्याचं नातं सांगितलं जातं. म्हणजे राजकारण करणाऱ्या शाहिराचा आवाज राज्याचा अधिकृत आवाज झाला. आणि त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, एप्रिल २०२३ मध्ये, राज मुंगासे या छत्रपती संभाजीनगरच्या तरुण रॅपरवर अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्याच्या गाण्यात आमदार फोडायला दिल्याच्या आरोपातल्या खोक्यांचा उल्लेख होता, कुणा नेत्याचं नाव नव्हतं. टोपी ज्याच्या डोक्यावर बसली त्याच्या माणसांनी तक्रार केली. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडे या रॅपरवरही त्याच्या गाण्यावरून गुन्हा दाखल झाला. राज्यगीताचा सन्मान करणारं आणि रॅपरवर कलमं लावणारं शासन एकच, कॅलेंडरवर पानं दोन.

हा दुटप्पीपणा एका पक्षाचा आहे असं कुणी समजू नये. २०१७ च्या पावसाळ्यात मलिष्का या रेडिओ निवेदिकेनं ‘सोनू’च्या गाजलेल्या गाण्यावर मुंबईच्या खड्ड्यांचं विडंबन केलं. तेव्हा महापालिकेत सत्तेत असलेल्या शिवसेनेच्या नगरसेवकांनी अब्रूनुकसानीच्या दाव्याची मागणी केली, आणि पालिकेच्या पथकाला नेमक्या त्याच दिवसांत तिच्या वांद्र्याच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्या. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरानं ‘दिल तो पागल है’मधल्या एका गाण्याच्या चालीवर तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांवर विडंबन केलं. शिवसैनिकांनी खारचं सभागृह फोडलं, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेला तिथलं बांधकाम बेकायदा असल्याचं आठवलं. शिवसेना एक असताना अळ्या आणि दोन झाल्यावर हातोडा. सत्तेत जो बसतो त्याला गाण्यातलं राजकारण अचानक अस्वच्छ दिसू लागतं, आणि विरोधात गेला की तोच ढोलकीवाला शोधत फिरतो.

कामराच्या वेळी चालीच्या चोरीचाही मुद्दा निघाला. ‘टी-सीरीज’नं स्वामित्वहक्काची तक्रार केली. चाल ज्याची त्याची मालकी हे कायद्यानं बरोबर आहे, संगीतकाराला मोबदला मिळालाच पाहिजे. पण १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी मर्यादित वापराला मुभा देतं, आणि विडंबन ही टीका नाही तर काय आहे? मराठीपुरतं सांगायचं तर चालीवर चाल बांधणं बंद केलं तर आपल्याकडं उरेल काय? अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’ची पदं साकी, दिंडी, लावणी, कानडी गाणी यांच्या चालींवर बांधली आणि त्याला आपण संगीत नाटकाचा जन्म म्हणतो. भजनी मंडळांनी सिनेमाच्या चालींवर विठ्ठल गायला. आंबेडकरी जलशांनी आणि भीमगीतांच्या गायकांनी वस्तीत जी चाल गाजत होती ती घेतली, कारण नवीन चाल बसवण्याएवढा वेळ आणि पैसा त्यांच्याकडं नव्हता आणि ऐकणाऱ्याकडंही नव्हता. गरिबाचं राजकारण नेहमी उसन्या चालीवर चालत आलं आहे. विठ्ठलासाठी उसनी घेतलेली चाल चालते, भीमरायासाठी किंवा दिबांसाठी घेतली की ती चोरी, हे काही जमायचं नाही.

आता त्या सिद्धान्तातला सर्वात वजनदार मुद्दा. तो खुर्चीवरच्या मंडळींपैकी मोजकेच मांडतात, पण मांडतात ते गंभीरपणे. गाणं बुद्धीला बगल देतं. ठेक्यावर माणूस जे म्हणतो ते तो बोलताना म्हणणार नाही. आणि आज मिरवणुकांतून, डीजेवर, दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळासमोर मुद्दाम आवाज वाढवून वाजवली जाणारी द्वेषाची गाणी आहेतच की. कुणाल पुरोहित यांचं ‘एच-पॉप’ हे पुस्तक २०२३ मध्ये आलं. उत्तरेत हा व्यवसाय किती पसरला आहे ते त्यात तपशीलवार आहे. तुम्ही दिबांचं गाणं वाजू द्या म्हणता, मग ही गाणीही वाजू द्यायची का?

उत्तर आहे, आणि ते रवांडाच्या खटल्यात सापडतं. सिमॉन बिकिंडी हा तिथला अत्यंत लोकप्रिय गायक. त्याची गाणी १९९४ च्या तुत्सी हत्याकांडात रेडिओवर वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००८ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली, पण कशासाठी? गाणी रचल्याबद्दल नव्हे. गाडीला लावलेल्या भोंग्यावरून, रस्त्यानं जाताना, लोकांना तुत्सींना मारा असं उघड सांगितल्याबद्दल. गाण्यांत द्वेष होता हे न्यायाधीशांनी नाकारलं नाही, पण माणसं मारण्याचं थेट आवाहन आणि राजकीय गाणं यांच्यामध्ये त्यांनी रेघ ओढली. इतक्या भीषण प्रसंगात ती रेघ ओढता आली, तर पनवेलच्या नाक्यावर का ओढता येऊ नये? अमक्याला मारा, तमक्याचं घर जाळा हे गुन्हेगारी वाक्य आहे, ते गाऊन म्हणा नाहीतर वाचून म्हणा. मशिदीसमोर मुद्दाम थांबलेला डीजे हा पोलिसांचा विषय आहे. त्यासाठी कायदा आहे, आवाजाची मर्यादा आहे, ती लावा. पण त्या डीजेचं निमित्त करून ठेक्यावर बोललेलं सगळंच राजकारण अशुद्ध ठरवलं, तर पकडला जातो तो द्वेष गाणारा नव्हे. त्याच्या पाठीशी सहसा कुणीतरी उभं असतं. पकडला जातो तो ज्याच्या पाठीशी कुणी नाही.

हेही पनवेलकरांनी लांबून बघायची गरज नाही. तळोजा कारागृह आपल्याच तालुक्यात आहे. कबीर कला मंचाचे शाहीर सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि ते वर्षानुवर्षं तिथं राहिले. त्यांच्यावरचा आरोप माओवाद्यांशी संबंधांचा आहे, निव्वळ गाण्याचा नाही, आणि तो न्यायालयात तपासला जावा. पण खटला उभा राहण्याआधीच इतकी वर्षं गेली, आणि मूळ फिर्यादीत त्या परिषदेत शनिवारवाड्यावर गायलेल्या गाण्यांचा उल्लेख आहे, हे विसरता येत नाही. दिबांचं गाणं हळदीत वाजतं आणि सगळे पुढारी त्यावर टाळ्या धरतात. जातीच्या अत्याचारावरचं गाणं गाणारे त्याच तालुक्यातल्या तुरुंगात होते. “गाण्यात राजकारण नको” हा नियम कुणाला लागतो ते यावरून कळावं.

सुपारीचा मुद्दा त्यामानानं सोपा आहे, थोडक्यात आटपतो. पैसे घेऊन गाणं हे पाप नाही, शाहिरांनी बिदागी घेतलेली आहे, कीर्तनकार घेतात. निवडणुकीत रिक्षावर भोंगा लावून गाजलेल्या चालीवर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह गाणारी जी गाणी फिरतात ती मलाही नकोशी होतात, पण ती राजकीय गाणी आहेत हे मला मान्यच नाही. त्या जाहिराती आहेत. त्यांत म्हणणं नसतं, फक्त नाव असतं. उमेदवार बदलला की नाव बदलतं, बाकी सगळं तेच. निवडणूक आयोगही या जाहिरातींकडं कसा बघतो ते २०२४ मध्ये दिसलं. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या मशालगीतातला भवानीचा जयघोष आणि ‘हिंदू’ हा शब्द काढा अशी नोटीस आयोगानं धाडली, ठाकरेंनी नकार दिला, आणि चार दिवस सगळ्या राज्यात गीताची चर्चा झाली. त्या गीतात महागाईबद्दल, शेतीबद्दल काय आहे हे एकानंही विचारलं नाही. विचारण्याजोगं काही नसावं.

मग माणसाला गाणं पटलं नाही तर त्यानं करायचं काय? कोकणानं याचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. कलगी-तुऱ्याच्या, आपल्याकडच्या शक्ती-तुऱ्याच्या बारीत एक पार्टी सवाल टाकते, दुसरी जवाब देते. रात्रभर चालतं. समोरच्याच्या देवाची, गावाची, गुरूची उणीदुणी निघतात. उत्तर द्यायचं ते त्याच रात्री, त्याच रंगमंचावर, शक्य तर त्याच चालीत. जवाब न सुचणारा शाहीर तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात गेला असं कुणी ऐकलं आहे का? मलिष्काच्या वेळी शिवसेनेच्या बाजूनंही उलट गाणं आलं होतं. तिथंच थांबले असते तर ती अस्सल बारी झाली असती आणि मुंबईकरांची करमणूकही. अळ्या शोधायला माणसं पाठवली तिथं ते हरले. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी पळस्पे फाटा ओलांडतो तेव्हा त्याच्यापुढं मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल-इंदापूर टप्पा असतो. त्या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्यावर गावच्या जाखडी नाचात जे ऐकायला मिळतं ते कुठल्याही अग्रलेखापेक्षा जहाल असतं. त्याला बांधकाम खात्यानं अजून जवाब दिलेला नाही. द्यायचा तर रस्ता करूनच देता येईल.

इतकं सगळं बोलून झाल्यावर दिबांच्या गाण्यांबद्दलचं माझं खरं म्हणणं सांगतो, आणि ते गाणाऱ्यांना आवडणार नाही. या गाण्यांत राजकारण जास्त आहे ही तक्रार खोटी आहे. ते फार कमी आहे ही तक्रार खरी आहे.

दि. बा. पाटील वकील होते. शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे आमदार होते, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, दोनदा खासदार झाले. त्यांची ताकद कायद्याच्या कलमात आणि आकड्यात होती. जमिनीचा दर किती, विकसित भूखंड किती टक्के, कुणाला किती गुंठे. गाण्यांत मात्र ते वाघ होतात, सिंह होतात, साहेब होतात, आगऱ्यांची शान होतात. वाघ साडेबारा टक्के मागत नाही. गाणं ऐकून १८ वर्षांच्या पोराला आपला कुणीतरी मोठा माणूस होता एवढं कळतं. त्या माणसानं सरकारला नेमका कोणता प्रश्न विचारला होता ते कळत नाही. आणि तो प्रश्न अजून संपलेला नाही. गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या प्रश्नावर पिढी गेली. साडेबारा टक्क्यांचे भूखंड बिल्डरांना कुणी, केवढ्याला विकले, त्यात आपल्यातलेच दलाल किती होते, यावर एक कडवं नाही. खाडीत भराव पडल्यावर ज्यांची जाळी रिकामी राहिली त्या कोळी घरांवर एक ओळ नाही. विमानतळासाठी उठलेल्या गावांची नावं मी वर लिहिली, ती मला कुठल्या गाण्यातून मिळालेली नाहीत.

नाव लागावं ही मागणी न्याय्य आहे, ती मी कमी लेखत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हाही दिबांचं नाव त्याच्यावर नव्हतं, इतकी वर्षं गाऊन, चालून, साखळ्या करूनही. २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. पण नावावरच थांबलेलं गाणं सगळ्या पक्षांना परवडतं, म्हणून तर आता सगळ्या पक्षांचे पुढारी हळदीत त्यावर हात वर करतात. साडेबारा टक्क्यांच्या वाटपाचा हिशोब मागणारं गाणं लागलं तर त्यांतले किती जण मांडवात थांबतील? जे गाणं ऐकून एकाही पुढाऱ्याला जेवण अर्धवट टाकून उठावंसं वाटत नाही, त्यात राजकारण फार झालं असं म्हणणं हा त्या गाण्याचा फुकटचा गौरव आहे.

खुर्चीवरच्या मंडळींना म्हणून माझं सांगणं एवढंच, की पुढच्या हळदीला शब्द नीट ऐका आणि ते पोकळ वाटले तर पोकळ म्हणा. राजकीय आहेत म्हणून नाक मुरडू नका. आणि आमच्या आगरी-कोळी गायकांना, गीतकारांना, रात्र रात्र बेंजो वाजवणाऱ्या पोरांना एक विनंती आहे. येत्या १६ जानेवारीला जासईला जाल, २४ जूनला दिबांच्या तसबिरीला हार घालाल, तेव्हा एक नवीन गाणं घेऊन जा. चाल कुठलीही उचला, एकवीरेची घ्या नाहीतर सिनेमाची घ्या. पण त्यात विमानतळाखाली गेलेल्या दहाही गावांची नावं येऊ द्यात, पाचही हुतात्म्यांची येऊ द्यात, आणि सिडकोकडं अजून काय येणं बाकी आहे तो आकडा येऊ द्यात.